दुकान वाढवलं

पाथर्डी फाटा, नाशिक
२७ ऑक्टोबर २०२५

मनीषा,

तुझं दुकान कुठे आहे?

असं एकदम विचारू नये, आधी घरच्यांची खुशाली विचारावी, हे मला कळतं. पण पाच दिवस हाच प्रश्न डोक्यात आहे आणि त्याच्या आधी दुसरं काही लिहिलं तर ते खोटं वाटेल. पाडव्याच्या दिवशी तुझ्या दुकानाच्या फोनवरून निरोप आला: "आजपासून दुकान वाढवलं. आजवर आलात, लोभ ठेवलात, आभार." सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवलेला मजकूर होता, माझं नाव त्यात नव्हतं. ऑगस्टपासून आपण बोललेलो नाही, तरी यादीतून मला वगळलं नाहीस, याचं बरं वाटलं. लगेच उत्तर दिलं, "अभिनंदन! अशीच भरभराट होवो," आणि पुढे लाडवांची तीन चित्रं. तू ते वाचलंस, एवढं मला दिसलं. उत्तर आलं नाही. आता तर तो फोन लागतही नाही.

'फाट्यावरचं जेवण' हा आमचा व्हॉट्सअ‍ॅप गट तुला माहीत आहे. नाव हर्षलने ठेवलं, आमच्या लॅबमधल्या पोराने. त्यावर सगळे का हसतात ते मी विचारत नाही. फाट्यावरच्या नव्या इमारतींतली ऑफिसं, क्लासेस, शोरूम धरून दीडशे माणसं आहेत. दुपारी कुठे काय चांगलं मिळतं त्याची यादी दर महिन्याला मी करते. तुझा निरोप आल्यावर यादीत लिहिलं, "बागलाण भोजन: जागा वाढवली आहे असं कळतं. आता बसायला अडचण होणार नाही."

आज हर्षल आणि तिघं तिकडे गेले होते. परत येऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या मोठ्या जागेला मोठं कुलूप आहे." दिवसभर तेच चाललं. कुणी म्हणालं, कुलूप वाढवलं असेल.

म्हणजे तू दुसरीकडे मोठा गाळा घेतला आहेस. तो कुठे? मी चुकीची माहिती दिली, ती दुरुस्त करायला हवी. तुझा सटाण्याचा पत्ता तुझ्या लग्नपत्रिकेवरून घेतला. ती माझ्या त्या वर्षीच्या डायरीत चिकटवलेली आहे. घरून कुणीतरी तुला हे पोचवेल असं वाटतं.

मला फक्त पत्ता हवा आहे, असं लिहिणार होते. ते पूर्ण खरं नाही, म्हणून लिहीत नाही.

तेजस्विनी


२ नोव्हेंबर २०२५

मनीषा,

पहिलं पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नाही. दरम्यान मी तुझं दुकान शोधते आहे.

आधी जुन्या गाळ्यापाशी गेले. पाटी काढलेली, खिळ्यांची भोकं तेवढी राहिली आहेत. मग वाटलं, मोठी जागा म्हणजे सर्व्हिस रोडच्या नव्या टॉवरखाली असणार. तिथे एक नवीन ठिकाण निघालं आहे, वेताच्या खुर्च्या, लाकडी वाडगे. वरण-भात काट्याने खायला देतात. मालक मुलगा नम्र आहे. तो म्हणाला, इथे बागलाणचं काही नाही, पण आमच्याकडे ज्वारीचं सॅलड आहे. मी ते खाल्लं. यादीसाठी खायला लागलं. वाईट नव्हतं, पण ते खाताना मी सारखी दाराकडे बघत होते, तेव्हा माझं मत धरू नये.

नंतर चतुराबाईंकडे गेले. पार्किंगमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवतात त्या. दोन टेबलं, उभ्याने जेवायचं, पोळी तव्यावरून थेट ताटात. त्यांना तुझ्याबद्दल विचारलं.

"मनीषाताई ना? वाढवलं की त्यांनी दुकान," त्या म्हणाल्या.

"हो, पण कुठे?"

"कुठे म्हणजे? इथंच. पाडव्याला."

मी त्या अख्ख्या इमारतीला दोन फेऱ्या मारल्या. मागच्या बाजूला एक जिम आहे, एक दाताचा दवाखाना. वॉचमनला विचारलं, इथे कुणी भोजनालय वाढवलं आहे का. त्याने मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि पाणी हवं का विचारलं. परत चतुराबाईंकडे जायला लाज वाटली. सगळ्या फाट्याला माहीत आहे आणि मला एकटीला दिसत नाही, असं कसं होईल?

घरी येऊन यादीतला जुना मजकूर परत वाचला, ऑगस्टमधला. ज्यानंतर तू बोलणं सोडलंस. जसाच्या तसा उतरवते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत हे नक्की होईल:

"बागलाण भोजन. शेवभाजी उत्तम, तेल जरा जास्त. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी गरम मिळते. मालकीणबाई सटाण्याच्या आहेत. त्या कमी बोलतात, पण जेवणाचा आग्रह करतात. ठेचा मागून घ्यावा लागतो."

'तेल जरा जास्त' हे लिहायला नको होतं का? तेव्हा तीन वेळा खोडून परत लिहिलं होतं. खरं होतं म्हणून ठेवलं. हर्षल तर म्हणतो, शेवभाजीत तेल जास्त ही तारीफ झाली, तर्री नसेल तर ती खायची कशाला. मग तुला ती तक्रार का वाटली? आणि मला लिहिताना नक्की काय म्हणायचं होतं, हे आता मलाही सांगता येत नाही.

तेजस्विनी


६ नोव्हेंबर २०२५

मनीषा,

आज कळलं. हे लिहिताना मला फार ओशाळं वाटतं आहे.

सहादूच्या मिसळीच्या गाड्यावर गेले होते. इगतपुरीकडचा तो, पापड आणि दही न मागता देतो. आज उशीर झाला, तीन वाजत आले होते. माझी मिसळ खाऊन व्हायच्या आत त्याने बायकोला हाक मारली, "चल, वाढव आता दुकान." तिने शेगडी बंद केली, बाकडी उलटी करून ठेवली, ताडपत्री खाली सोडली. मी वाट बघत होते, आता कुठून तरी जास्तीची टेबलं निघतील. मग विचारलं, काय वाढवलं? सहादू हसायला लागला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. बंद म्हणू नये धंद्याला. तांदूळ संपले म्हणतो का आपण? वाढले म्हणतो. तसं हे."

मला माहीत होतं, मनीषा. बांगडी फुटली की आई 'वाढवली' म्हणायची. घरातलं पीठ संपलं तरी 'वाढलं'च. मग तुझ्या निरोपात तो शब्द मला दिसला कसा नाही? पाडवा होता म्हणून? पाडव्याला लोक नवीन काढतात, मोठं करतात, हे डोक्यात पक्कं बसलेलं. की तुझं बरं चाललं आहे असं मला वाटून घ्यायचं होतं, म्हणजे ऑगस्टचं काही माझ्या अंगावर राहिलं नसतं? हे दुसरं कारण खरं असावं अशी शंका आहे. खात्री नाही.

मी सहादूला विचारलं, हे रोजचं वाढवणं की कायमचं? तो म्हणाला, शब्द एकच, दुसऱ्या दिवशी बघायचं उघडतं का. तुझ्या गाळ्यावर आज मोबाईलच्या दुकानाची पाटी चढत होती.

म्हणजे तू दुकान बंद केल्याचं कळवलंस आणि मी लाडू पाठवले. शिवाय दीडशे जणांना सांगितलं की आता प्रशस्त जागा आहे.

त्यातल्या किती जणांनी माझं ते तेलाचं वाक्य वाचून तुझ्याकडे यायचं सोडलं असेल? मी स्वतःही ऑगस्टनंतर आले नाही. यादी निष्पक्ष राहावी म्हणून सगळीकडे सारख्या वेळा जायचं असं ठरवलं होतं, आणि तुझ्याकडच्या माझ्या फेऱ्या जास्त झाल्या होत्या. हे डायरीत तेव्हाच लिहून ठेवलं आहे. आज वाचताना ते कारण पुरेसं वाटत नाही. तू समोर काय बोलशील याची भीती होती, हे डायरीत कुठेच नाही.

माझ्यामुळे तुझं दुकान गेलं का? एवढंच सांग. हो असेल तर हो सांग.

तेजू


१८ नोव्हेंबर २०२५

मनीषा,

तुझा फोन आला त्याला दोन दिवस झाले. फोनवर मी जे बोलले त्यातलं निम्मं मला आठवत नाही, म्हणून परत लिहिते आहे. आणि आदरणीय मामा, हे पत्रही तुम्हीच ओट्यावर बसून मोठ्याने वाचत असाल, तर तुम्हाला आणि सखुबाई मावशींना नमस्कार.

मनीषा, पत्रं तुझ्या सासऱ्यांनी फोडली यात त्यांची काही चूक नाही. पाकिटावर मी तुझं माहेरचं आडनाव घातलं होतं; चोवीस वर्षांच्या सवयीने. त्या आडनावाने आलं म्हणून भिमाजी मामांना वाटलं, सरकारी असेल. तिन्ही पत्रं घरच्यांनी ऐकली, शेजारच्यांनी ऐकली, आणि तुझ्या सासूबाई, सखुबाई मावशी, म्हणाल्या, "ही बाई तेलापायी एवढी का रडून राहिली?" हे तू सांगितलंस तेव्हा मला हसू आलं आणि तू हसली नाहीस.

तू म्हणालीस की दुकान गेलं ते गाळेवाल्याला मुलासाठी जागा हवी होती म्हणून. तुझ्या योगेशरावांनाही अंबडची नोकरी सोडून घरी परतायचं होतं. तीन महिने आधी ठरलं होतं. "तुझ्या यादीनं माझं दुकान बंद पडलं असं वाटतं तुला? लई मोठी झालीस गं तू," असंही म्हणालीस. यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दहा दिवस मी जो अपराध धरून बसले होते तो माझा नव्हताच, आणि तो हातातून गेल्यावर मला रिकामं वाटलं. हे कसलं मन आहे?

मग मी विचारलं, तर बोलणं का सोडलंस? मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"तेलाचं सोड तू. तेल होतं जास्त. तू मला 'त्या' म्हणालीस."

मला कळलंच नाही. तुला परत सांगावं लागलं. 'मालकीणबाई सटाण्याच्या आहेत, त्या कमी बोलतात.' हॉस्टेलवर एका ताटात जेवलो, माझ्या तापात माझे कपडे तू धुतलेस, आणि मी दीडशे माणसांना सांगितलं की त्या कमी बोलतात. तू म्हणालीस, "मी तुझ्याशी कमी बोलते? कधी बोलले कमी?" एवढं बोलून फोन ठेवलास.

माझी बाजू मांडू का? लॅबमध्ये पाण्याचा नमुना येतो तेव्हा बाटलीवर फक्त नंबर असतो. कुणाच्या विहिरीचं, कुणाच्या कारखान्याचं, तपासणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. कळलं तर हात झुकतो. वीस वर्षं हेच करते. यादीतही तसंच करायचं ठरवलं. तू माझी मैत्रीण आहेस हे लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, हिचं हिला गोड लागतं. म्हणून नाव काढलं, नंबर लावला. आदराने लिहिलं म्हणजे अंतर नीट राहील. यात मी कुणाचा अपमान करते आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

हे सगळं खरं आहे. पण आणखी एक आहे, ते फोनवर सांगितलं नाही. मामा, एवढं मनातल्या मनात वाचलंत तरी चालेल.

जुलैमध्ये हर्षलला घेऊन तुझ्याकडे आले होते. तू गल्ल्यामागे कांदा चिरत होतीस. हर्षलने विचारलं, "ओळखीच्या आहेत का तुमच्या? भाकरी तुम्हाला जास्त वाढतात." मी म्हणाले, "नाही रे, नेहमीचं गिऱ्हाईक आहे मी." तू मान वर केली नाहीस. ऐकलंस की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता विचारायचा धीर नाही. त्यात कसली निष्पक्षता होती? तिथे यादी नव्हती, नमुना नव्हता. एक साधा प्रश्न होता. कदाचित तुझ्या अंगावरचा तेलकट एप्रन आणि माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र, एवढंच असेल. असेल म्हणते, कारण आहेच म्हणायला जीभ रेटत नाही.

तू ऐकलं नसशील तर हे सांगून मी तुला नव्याने दुखावते आहे. ऐकलं असशील तर चार महिने तू ते एकटीने बाळगलंस. दोन्हींत कोणतं बरं, मला ठरवता येत नाही, म्हणून लिहून टाकलं.

काय करू ते सांग. काहीच करू नको म्हणालीस तर तेही करीन.

तेजू


२५ नोव्हेंबर २०२५

मनीषा,

तुझा निरोप मिळाला. नव्या नंबरवरून आला, तोही योगेशरावांच्या नावाने, तेव्हा आधी घाबरले. "मार्केटसमोर शेड घेतलं. सोमवारी सुरू करतोय. भाकरीला बाई नाही. येतेस तर ये. जेवायला येऊ नको."

पंधरा वेळा वाचला. एका शब्दावरून एकदा फसले आहे, म्हणून आता प्रत्येक शब्दाची धास्ती वाटते. 'ये' म्हणतेस आणि 'येऊ नको'ही म्हणतेस. जेवायला नको, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून नको, घरची म्हणून ये, असा अर्थ मी लावला. मग वाटलं, घरची कशावरून? बाई नाही म्हणून बाई हवी, एवढंच असेल. हर्षलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला भाकरी येते का, हा खरा प्रश्न आहे."

येत नाही. हॉस्टेलवर गॅसवर मी थापलेली पहिली भाकरी तू खिडकीत वाळत घातली होतीस, हे तुला माहीत आहे. कळण्याचं पीठ तर आणखी चिवट. कालपासून करून बघते आहे. आज तीन नीट झाल्या, पाच तव्याला चिकटल्या.

सोमवारची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. 'घरचं काम' लिहिलं, मग ते खरं आहे का याचा विचार करत अर्ज हातात धरून उभी राहिले. तसाच दिला.

तेजू


२ डिसेंबर २०२५

मनीषा,

हात भाजला आहे म्हणून अक्षर असं आहे. तू लावलेल्या मलमाने फोड आला नाही.

कालचं जसं घडलं तसं लिहून ठेवते. डायरीत लिहायला बसले होते, पण तिथे लिहिलं की मी माझ्याच बाजूने लिहिते, असं हल्ली वाटतं. तुला लिहिलं की तू खोडू तरी शकतेस.

मी सटाण्याला पोचले तेव्हा कांद्याच्या गाड्यांची रांग मार्केटच्या फाटकाबाहेर आली होती आणि तू परातीत पीठ घेऊन बसली होतीस. ये म्हणाली नाहीस. शेजारचा पाट पायाने सरकवलास. चुलीच्या धुराने माझे डोळे गळायला लागले, तर सखुबाई मावशी म्हणाल्या, आता तरी तेलासाठी रडू नको बाई. भिमाजी मामा बाहेर खुर्ची टाकून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते की नाशिकहून पत्रं लिहिणाऱ्या बाई आल्या आहेत. माझ्या पहिल्या चार भाकऱ्या तू बाजूला काढून ठेवल्यास. पाचवी टोपल्यात टाकलीस. पाचवी चौथीपेक्षा बरी होती असं मला वाटत नाही.

दुपारी गर्दी झाली. साठ-सत्तर तरी पानं उठली असतील, मी मोजली नाहीत. तू ड्रायव्हरांशी, हमालांशी, व्यापाऱ्यांशी अखंड बोलत होतीस. एकाला टोमणा, दुसऱ्याला आमटीतल्या डुबुकवड्यांचा आग्रह. कमी बोलणारी बाई मी कुठे बघितली होती कोण जाणे. त्यात एका पांढऱ्या टोपीवाल्याने माझ्याकडे हात करून विचारलं, "ही कोण, वहिनी? नवीन बाई ठेवली का?"

माझा हात तव्यावर थांबला. तेव्हाच भाजलं.

तू आमटी ढवळत होतीस. वळून न बघता म्हणालीस, "नाशिकच्या मॅडम आहेत त्या. भाकरी शिकायला आल्यात. त्या कमी बोलतात."

सगळे हसले. मामा बाहेर मोठ्याने हसले, त्यांना संदर्भ ठाऊक होता. तूही हसलीस का ते मला दिसलं नाही, तुझी पाठ होती. नंतर मलम आणून माझा हात ओढून लावलंस, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फेड केलीस की थट्टा केलीस? की गिऱ्हाइकासमोर कुणाचीही ओळख करून देताना जसं बोलतात तसंच बोललीस? मी काय करायला हवं होतं? मी पुढची भाकरी थापली.

चार वाजता आपण तिघी उरलेलं जेवलो. तू मला विचारलं नाहीस की कसं झालं आहे, आणि मी सांगितलं नाही.

निघताना मी पायरीवर चपला घालत होते. आत सखुबाई मावशी तुला हळू विचारत होत्या, या बाई परत येतील का म्हणून. त्यांना वाटलं मला ऐकू जात नाही. तू परात खरवडत होतीस.

"मला काय विचारता? तिलाच विचारा."

मी पायरीवर तशीच थांबले. मावशी बाहेर आल्या नाहीत, कुणी काही विचारलं नाही. मग गाडी चुकेल म्हणून निघाले.

परतीच्या गाडीत देवळा गावापर्यंत मी खिडकीशी तेच धरून बसले होते. दुपारी लोकांसमोर 'त्या', संध्याकाळी घरच्यांत 'तिला'. कोणतं तू मनापासून म्हणालीस? दोन्ही? आमच्याकडे दोन निरीक्षणं एकमेकांशी जुळली नाहीत तर अहवाल लिहीत नाहीत, तिसऱ्यांदा तपासतात.

पुढच्या सोमवारचीही रजा टाकली आहे. कारणाच्या रकान्यात तेच लिहिलं आणि या वेळी अर्ज धरून उभी राहिले नाही. सहाच्या गाडीने येते. पीठ चाळून ठेवू नकोस, ते मी करीन.

तेजू